पान तीनवरची आई

सांगायला जरा ऑकवर्ड वाटतं, पण मी कादंबरी लिहितेय. तीही फँटसी! म्हणजे सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग आणि वीकेंडला राजे-रजवाडे, जादूटोणा वगैरे. ऑफिसात मी 'ड्रॅगनवर लिहितेय' असं सांगते. ड्रॅगन एकही नाहीये, पण एवढं सांगितलं की लोक पुढचं विचारत नाहीत.

माझी हिरॉइन सॉलिड बंडखोर आहे. नाव रेवा, वय सतरा. राजाने बंदी घातलेल्या मनोऱ्यावर ती चढते, कारण वरून पलीकडचं राज्य दिसतं. कुणाच्या बापाला घाबरत नाही. आणि अर्थातच अनाथ आहे. बाप लढाईत गेलेला, आई पान तीनवर तापाने जाते.

'अर्थातच' अशासाठी की, या प्रकारातला तो ठरलेला फंडा आहे. हॅरी पॉटरचे आई-वडील तो तान्हा असतानाच मारले गेले. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या फ्रोडोचे बुडून गेले. 'अर्थसी'च्या गेडची आई तो वर्षाचा व्हायच्या आत गेली. साधं लॉजिक आहे हो. आई जिवंत असली तर ती 'आधी जेवून घे' म्हणणार. मग दुष्ट जादूगाराशी लढायला जाणार कोण?

तर हा ड्राफ्ट मी दिवाळीत चिखलीला घेऊन गेले. (आमची चिखली बुलढाणा जिल्ह्यातली. हे पुण्यात दरवेळी सांगावं लागतं, कारण पिंपरी-चिंचवडकडेही एक चिखली आहे आणि 'मग रोज अप-डाउन करतेस का?' हा प्रश्न मला तीनदा आलाय. नाही बाबांनो, रात्रभराची ट्रॅव्हल्स आहे. आमच्या गावाला रेल्वे नाही.) आईने दोन दुपारी चष्मा लावून सगळी प्रिंटआउट वाचली. शेवटचं पान उलटं ठेवलं आणि म्हणाली, "चांगलं आहे. पण पोरीच्या मायला काहून मारलं?"

"अगं, या पुस्तकांत तशी पद्धत असते."

"बरं. आणि मनोऱ्याचं कुठून सुचलं?"

"सुचलं असंच."

आई हसायला लागली. "कंचनी इसरली का?"

अरे यार! मेहकरला कंचनीचा महाल आहे. मेहकरचेच कवी ना. घ. देशपांडे यांची त्यावर कविताही आहे. आमच्या घरात ती गोष्ट अशी सांगतात : कंचनी नर्तकी होती. आपल्या महालावरून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसला पाहिजे, असं तिने मनात घेतलं. मजल्यावर मजले चढवत गेली. एका रात्री दिवा दिसला आणि त्याच क्षणी ती दगड झाली. आजी ही गोष्ट तंबी दिल्यासारखी सांगायची, बाईच्या जातीने फार वर पाहू नये म्हणून. आई लाइट गेल्यावर सांगायची. शब्द तेच, फक्त शेवटी हळूच जोडायची, "पण दिवा दिसला ना तिला!"

तो मनोरा मी जसाच्या तसा उचलला होता. आणि सांगणारीला पान तीनवर गार केलं होतं.

पण हार मानेन तर ती मी कसली! मी ताराबाई शिंदे काढल्या. या बुलढाण्याच्या, म्हणजे चिखलीहून एसटीने तासभरही लागत नाही. 1881 मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येसाठी फाशीची शिक्षा झाली आणि सगळ्या बाईजातीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. ताराबाईंनी 1882 मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुण्यात छापून घेतलं. गंमत म्हणजे त्या काळी 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांची चलती होती, आमच्या फँटसीच्या खापरपणज्याच त्या. ताराबाईंनी त्यांचीही खबर घेतली. आणि सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दरबारापर्यंत गेली, पण बायकोसाठी तिथवर गेलेला नवरा कुणी ऐकलाय का, असं विचारलं! (हा प्लॉट अजून कुणी लिहिलेला नसेल तर मी बुक करतेय.) जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. नंतर पुस्तक विसरलं गेलं, ते 1975 मध्ये स. गं. मालश्यांनी पुन्हा छापलं.

"आणि तिला वाचायला कोणी शिकवलं?" आई.

"वडिलांनी. बापूजी हरी शिंदे, सत्यशोधक होते."

"मायचं नाव काय?"

मी गप्प.

आता आमच्या मायचं ऐका. मी पाचवीत असताना आई दर रविवारी भिशीला जायला लागली. भिशी महिन्यातून एकदा असते, हे आमच्या भरल्या घरात कुणाच्याही डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे. नववीत असताना गहू काढायला मी कोठीत हात घातला, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली मुक्त विद्यापीठाची मार्कशीट. बी.ए., सेकंड क्लास. आई मागेच उभी होती. म्हणाली, "ठेव तिथंच." फक्त बाबांना माहीत होतं, फी तेच भरायचे. आजोबा गेले, तरी त्यांना सून ग्रॅज्युएट असल्याचा पत्ता नव्हता.

आणि मी पुण्यात दहा वर्षं काय सांगत फिरतेय? 'घरी सगळ्यांचा विरोध होता, पण मी एकटी बॅग उचलून निघाले.' बॅग आईने उचलली होती. स्टँडपर्यंत, भर उन्हात.

असो. मी पान तीन पुन्हा लिहिलंय. रेवाची आई आता जिवंत आहे आणि त्यामुळे प्लॉटचे प्रचंड वांधे झालेत. रेवा मनोऱ्याकडे निघाली की ती दारात येऊन उभी राहते. चार प्रकरणं कचऱ्यात गेली. पण दर आठवड्याला ती स्वतः कुठेतरी जाते आणि घरी सांगते की भिशीला चाललेय. राजा-राणीच्या राज्यात भिशी कशी, हे पुढच्या ड्राफ्टमध्ये बघू.

ती पानं परवा आईला व्हॉट्सअ‍ॅप केली. दोन ब्लू टिक. अर्ध्या तासाने रिप्लाय आला : 'भिशी नको लिहू. आत्याला अजून माहीत नाही.'