पाऊस मागण्याची तारीख

संपादकांनी ‘ज्यू धर्म आणि पर्यावरण’ हा विषय दिला आणि झाडं जपायला सांगणारी दोन-चार वचनं द्या म्हणाले. वचनं आहेत. शहराला वेढा घातला तरी भोवतालची फळझाडं तोडू नका, अशी थेट आज्ञा आहे. पण वचनं वेचून कुठलाही धर्म हिरवागार दाखवता येतो, आणि मला त्याचा वीट आला आहे. माणसं रोज देवापाशी काय मागतात, ते पाहावं. म्हणून मी प्रार्थनेतल्या एका तारखेबद्दल लिहिते.

मी ज्यू नाही. वणीच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी आहे आणि कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंचे मराठी प्रार्थनाग्रंथ हा माझा अभ्यासाचा विषय. व्याख्यान संपलं की अजूनही कुणीतरी विचारतं, “हे लोक इस्रायलहून कधी आले?” याचं वाईट वाटतं. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, ज्यांची आडनावं किहीमकर, पेणकर, रोहेकर, त्यांना परके कसं म्हणायचं? त्यांच्या जुन्या सणांत ‘खिरीचा सण’ आहे, ‘बिरड्याचा सण’ आहे. झाडांच्या नववर्षाला, शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी, एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, उरूस होतो. त्या वेळी मलिदा या नैवेद्याच्या ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि भोवती फळं मांडतात. द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुका रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत घेतात. हा गाळ फडक्यात पिळताना हाताला जो चिकटपणा येतो, तो आमच्या घरच्या बेदाण्यांमुळे माझ्या ओळखीचा आहे.

२६ नोव्हेंबर २०२३ला आमच्या भागात अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या. सकाळी बागेत गेलो तर पानांच्या चिंध्या झालेल्या, काड्यांना मार लागलेला, फुलोऱ्यातल्या घडांत पाणी साचून कूज धरायला लागलेली. धाकटा भाऊ एकेक घड हातात घेऊन झटकत होता. त्या आठवड्यात मी टेबलावर जे पान उघडून बसले होते, त्याबद्दल त्यानं विचारलं म्हणून मी सांगितलं: ५ डिसेंबरच्या संध्याकाळपासून इस्रायलबाहेरचे जगभरचे ज्यू प्रार्थनेत पाऊस मागायला लागतील.

“ताई, डिसेंबरात? पाऊस?”

तेव्हापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. थोडं खोलात जावं लागेल. ‘आमिदा’ ही उभ्यानं म्हणायची प्रार्थना. तिच्या नवव्या आशीर्वादात वर्षाच्या पिकासाठी दव आणि पाऊस मागतात. इस्रायलमध्ये हे मागणं हेश्वान महिन्याच्या सातव्या दिवशी सुरू होतं. बाहेर मात्र शरद संपातापासून साठाव्या दिवशी, कारण तालमुदाचे पंडित बाबिलात, दोन नद्यांच्या काठी राहत. त्यांना पावसाची घाई नव्हती. संपात मोजताना वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरलं. खरं वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान. शतकानुशतकं ती मिनिटं साचत गेली आणि तारीख सरकत ४ किंवा ५ डिसेंबरवर आली. म्हणजे अलिबागच्या देवळात उभा राहिलेला माणूस पाऊस मागतो तो बाबिलच्या वेळापत्रकानं. तेव्हा कोकणातला भात झोडून झालेला असतो.

हे जुन्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. निनवेच्या लोकांनी रब्बी यहूदा हनासींना विचारलं होतं, आम्हाला उन्हाळ्यात पाऊस लागतो, काय करावं? उत्तर आलं: तुम्ही एकेकटे धरले जाल, वैयक्तिक मागण्यांच्या आशीर्वादात मागा. सतराव्या शतकात ब्राझीलच्या रेसिफेहून हाच प्रश्न सालोनिकाला गेला, तेव्हा रब्बी हाइम शब्बेताईंनी निर्णय दिला की जिथे पाऊस नुकसान करतो तिथे त्या काळात तो मागूच नये. माझ्या मते या सगळ्या वादात हे वाक्य सर्वांत मोलाचं. भूमी राखायची तर आधी तिला काय सोसतं ते कळायला हवं.

‘शेमा’ या प्रार्थनेच्या दुसऱ्या परिच्छेदात पावसाला ‘बेइत्तो’ हा शब्द लावला आहे: आपल्या वेळी येणारा. याच्या उलट शब्द मराठीत शोधावा लागत नाही, अवकाळी. मुंबईत हिब्रू शिकवत प्रार्थनाग्रंथ मराठीत आणणारे जोसेफ इझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांचं काम वाचताना माझ्या मनात येतं की मागणं मराठीत आलं, मग ऋतू का नाही आला? पण बाबिलची तारीख पाळणं म्हणजे विखुरलेल्या सगळ्यांनी एका दिवशी एकच मागणं. तेही थोडं नाही. बाहेरच्या मी त्यात ढवळाढवळ करावी का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

भावाला निनवेची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “एकेकट्यानं मागा? पाऊस काय एकेकट्याच्या शिवारात पडतो? अख्ख्या मुलखाची गरज ती.”

मी गप्प झाले. १३१३च्या दुष्काळात स्पेनच्या तोलेदोमध्ये रब्बी आशेर बेन येहिएल हेच म्हणाले होते: निनवे एक शहर, पण आख्खा देश एकेकटा कसा? गावानं ऐकलं नाही आणि त्यांनीही पुढे आग्रह सोडला. हे भावाला सांगितलं, तेव्हा तो फवारणीच्या टाकीत पाणी भरत होता. “त्यांचीही बाग होती का?” एवढंच त्यानं विचारलं.