फळ आईचं, बी दोघांचं

मिरचीच्या मोठ्या बाजारांत गुंटूरबरोबर ज्या गावाचं नाव घेतलं जातं, त्या नंदुरबारमध्ये राहून कुंडीतल्या चार रोपांसाठी मोबाइलवरून बी मागवावं, हे ऐकणाऱ्याला पटत नाही. हिवाळ्यात शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची नजर पोचेल तिथवर पसरलेली असते, बायका ओळीने बसून देठ खुडत असतात. तिथली मूठभर मिरची फोडली तर गल्लीला पुरेल इतकं बी निघेल. मग विकत कशाला? आक्षेप रास्त आहे, पण पथारीवरचा माल खाण्यासाठी आणि दळण्यासाठी वाळवलेला असतो, बियाण्यासाठी नाही. त्यात अनेक शेतांतला माल एकत्र आलेला असतो आणि त्यातला बराचसा संकरित वाणांचा. संकरित मिरचीचं बी पुढच्या हंगामात लावलं की तिचे गुण फुटतात: एक रोप उंच, एक बुटकं, एकाची मिरची लांब, दुसऱ्याची आखूड, तिखटपणाही कमीजास्त. शिवाय फळावरचा डाग बियापर्यंत गेलेला असू शकतो. फळसड्या रोगाची बुरशी बियातून पुढच्या पिकात उतरते. तेव्हा घरी लावण्यासाठी बी वेगळं, जाणीवपूर्वक धरलेलंच हवं. जवळच्या कृषी सेवा केंद्रातलं पाकीट शेतकऱ्याच्या मापाचं असतं. मिरचीच्या एका ग्रॅममध्ये दीडशेच्या आसपास बिया बसतात, त्यामुळे दहा ग्रॅमच्या पाकिटाचं गच्चीवर करायचं काय? आणि भूत जोलोकिया किंवा हबानेरोसारखी तिखटजाळ मिरची तिथे मिळणं कठीणच. म्हणून ऑनलाइन खरेदी हा घरगुती बागवानाचा चोचला नव्हे, त्याची गरज आहे.

प्रश्न आहे तो विश्वास कशावर ठेवायचा याचा. बहुतेक जण फोटोवर ठेवतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गफलत तिथेच होते. आकाशी निळ्या मिरचीचे रंगवलेले फोटो टाकणारे सोडून द्या, अशी मिरची कुठेच पिकत नाही. मी बोलतोय ते प्रामाणिक विक्रेत्याच्या खऱ्या फोटोबद्दल. मिरचीचं फूल स्वतःच्या परागावर फळ धरू शकतं, पण मधमाश्या आल्या की परपरागीकरणही भरपूर होतं. आता पाहा, एखाद्या गच्चीवर वीस जातींच्या कुंड्या शेजारी शेजारी आहेत. ज्वालाच्या फुलावर भूत जोलोकियाचा पराग पडला, तरी त्या फुलातून येणारी मिरची हुबेहूब ज्वालासारखीच दिसेल, कारण फळाची साल आणि गर आईच्या झाडाचा. मिसळ झालेली असते ती आतल्या बियांत, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे फोटो शंभर टक्के खरा आणि पाकिटातलं बी तरीही भलतंच, असं लबाडीचा लवलेश नसताना घडू शकतं. बी चावून पाहण्यातही अर्थ नाही. तिखटपणा बियात तयार होतच नाही, तो आतल्या पांढऱ्या शिरांत तयार होतो आणि बियांना नुसता लागतो.

यावर कुणी म्हणेल, फोटो राहू द्या, हजारो ग्राहकांनी दिलेले तारे तर आहेत ना? पण ते तारे केव्हा दिलेले असतात ते बघावं. पाकीट हातात पडल्यावर आठवड्याभरात, फार तर कोंब दिसल्यावर. मिरची जातिवंत आहे की नाही हे कळायला रोप तयार होऊन, लागण होऊन, फूल येऊन फळ पिकेपर्यंत चार-पाच महिने जातात. तोवर अभिप्राय लिहायला कोण परत जातो? त्या ताऱ्यांनी कुरियर वेळेवर आलं आणि पाकीट फाटलेलं नव्हतं एवढंच सिद्ध होतं. वाचायचेच असतील तर फळं लागल्यानंतरचे, फळाचा फोटो जोडलेले अभिप्राय वाचावेत. ते थोडेच असतात, पण त्यांना वजन असतं.

मग विक्रेत्याला विचारायचं काय? बी कसं धरलं, हे. प्रमाणित मिरची बियाण्याच्या शेताला दुसऱ्या मिरचीपासून दोनशे मीटर अंतर लागतं, पायाभूत बियाण्याला चारशे. घरी बी धरणाऱ्याकडे एवढी जागा कुठून असणार? पण कळी उमलण्याआधी फांदीला पातळ जाळीची पिशवी बांधून, तिच्या आत धरलेल्या फळांना खुणेचा दोरा बांधणं त्याला सहज जमतं. जो हे करतो तो विचारल्यावर आनंदाने सांगतो. कोणत्या हंगामाचं बी आणि उगवण कधी तपासली, एवढे दोनच प्रश्न आणखी. अधिकृत पाकिटावर ही माहिती छापलेली असते, आणि खुणचिठ्ठीचा रंगही बोलतो: निळ्या खुणचिठ्ठीचं बी प्रमाणित, हिरव्या खुणचिठ्ठीचं म्हणजे उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेलं. मिरचीसाठी उगवणीची किमान अट ६० टक्के आहे, हे ठाऊक नसल्याने दहातली सहाच उगवली की लोक उगाच विक्रेत्याला दोष देतात. नेहमीच्या मिरच्यांसाठी बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं बी ऑनलाइन मिळतं, राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले ज्योती आहे, पुसा ज्वाला तर घराघरात माहीत आहे. हे शेवटचे दोन्ही सरळ वाण आहेत, जाळी बांधली तर पुढच्या वर्षीचं बी घरीच धरता येतं.

चिठ्ठी नसलेल्या छोट्या बीजसंग्राहकांना मग बाद करायचं का? मी करणार नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, वाटण्याचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचा हक्क दिलेला आहे, आणि कित्येक गावठी मिरच्या अशाच हातांनी टिकवल्या आहेत. त्यांच्याकडे चिठ्ठी मागू नये, जाळीबद्दल विचारावं. परदेशातून थेट पाकीट मागवणं मात्र टाळावंच. आयातीला परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि पाच बियांच्या हौसेपायी एखादा नवा रोग मिरचीच्याच जिल्ह्यात आणण्यात शहाणपण नाही.

तिखटजाळ मिरच्यांची फसवणूक फळ येण्याआधीही थोडीफार ओळखू येते. भूत जोलोकियाने २००७ साली जगातली सर्वात तिखट मिरची म्हणून विक्रम केला, तेव्हापासून तिच्या नावावर काहीही खपतं. पण ती आणि हबानेरो ज्या जातीच्या, तिची फुलं एकेका पेरावर दोन-तीन येतात, फिकट, हिरवट झाक असलेली. आपल्या नेहमीच्या मिरचीचं फूल पांढरं आणि बहुधा एकटं. फळ धरलं की फळावरची टोपी जिथे देठाला लागते तिथे बोटाने चाचपावं, भूत जोलोकियाच्या कुळात तिथे दोरा आवळल्यासारखी गोल खाच असते. टोपी साधी, गुळगुळीत आणि फुलं एकेकटी पांढरी असतील, तर पाकिटावर काहीही छापलेलं असो, ती भूत जोलोकिया असण्याची शक्यता फार कमी.

पन्नास-शंभर रुपयांच्या पाकिटासाठी एवढा खटाटोप कशाला, हाही आक्षेप येतो. पैसे गेल्याचं दुःख नसतंच, हंगाम जातो. मे-जूनमध्ये टाकलेलं बी खोटं निघालं हे दिवाळीच्या सुमाराला कळतं, आणि पुन्हा सुरुवात करायची तर उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाऊन फुलं गळायला लागतात. दोष सिद्ध करायचा तर पुरावा लागतो. बियाण्याच्या एका खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानलं, आणि सगळं बी पेरून टाकणाऱ्याने तपासणीसाठी नमुना राखलेला असावा ही अपेक्षा अवाजवी ठरवली. घरच्या बागवानाला मात्र नमुना राखणं अवघड नाही. पाकिटातल्या निम्म्या बिया ओल्या कागदात गुंडाळून उबेत ठेवाव्यात आणि उगवतील त्या लावाव्यात, उरलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवाव्यात. आणि पाकीट खालच्या कडेने फाडावं, म्हणजे वर छापलेला लॉट नंबर आणि तपासणीची तारीख शाबूत राहते.