दुसरी किल्ली

माणसाने छत्री हरवावी, चष्मा हरवावा, लग्नाच्या मांडवात जोडे हरवावेत. मोटारीची किल्ली तेवढी हरवू नये. पवनीच्या घाटावर मी वाकून वैनगंगेला नमस्कार केला आणि वरच्या खिशातली किल्ली माझ्याआधीच नदीत उतरली.

"एवढंच ना?" मी हिला म्हणालो. "तासाभरात नवी करून घेतो."

बाजारातला चाबीवाला आला. (आमच्याकडे किल्लीला चाबी म्हणतात, हरवली की दोन्ही सारख्याच.) त्याने तारेने दार उघडले, कानशीने पाते घासले, चाबी फिरवली. इंजिन खोकले आणि गप्प बसले.

"चाबी त बनली जी," तो म्हणाला, "पन गाडी चालू नाही होनार. जुन्या चाबीत चिप होती. गाडी तिलेच वळखते."

ही चिप मुठीत दडलेली असते. तिला सेल नाही. कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून वीज मिळाली की ती आपला आकडा सांगते. तो जुळला तरच इंजिन पेटते. आमच्या सासऱ्यांनीही मला इतके तपासून घेतले नव्हते!

नागपूरच्या वर्कशॉपला फोन केला. आरसी, आधार, पोलिसांचा दाखला, गाडी ट्रकवर घालून नागपूरला, आठवडाभर मुक्काम आणि १८ हजार रुपये. आमची पहिली स्कूटर याहून स्वस्तात आली होती.

ठाण्यावर हवालदाराने विचारले, "कुठं हरवली?"

"वैनगंगेत."

"मंग हरवली कशी म्हनता जी? कुठं हाय ते त तुमाले मालूम हाय!"

तेवढ्यात वर्कशॉपवाल्याचा फोन आला. दुसरी किल्ली असली तर गाडी हलवायला नको, खर्चही बराच कमी.

"अहो, मग झालं की!" हिचा चेहरा उजळला. "तुमच्या टेबलाच्या खणात आहे ना, त्या चामडी पाकिटात? भाच्याला सांगते, भंडाऱ्याहून घेऊन ये म्हणून."

ती किल्ली दोन वर्षांपूर्वीच तुमसरला एका लग्नात गेली होती. पाकिटात मी स्कूटरची किल्ली घालून ठेवली होती. स्कूटर विकून ११ वर्षे झाली.

भंडारा पितळेच्या भांड्यांचे गाव. माझे पितळ मात्र पवनीला उघडे पडले.

ही काहीच बोलली नाही. ट्रकवाल्याशी भाव तिनेच केला.

आठवड्याने दोन नव्या किल्ल्या आल्या. एक हिच्या जुडग्यात गेली.

दुसरीही.