केसपेपरावरचा 'ए'

प्रसूतितज्ज्ञाच्या केसपेपरावर स्त्रीच्या गर्भारपणांचा इतिहास 'जी ४, पी २, ए १' असा सांकेतिक लिहिला जातो. 'जी' म्हणजे चालू धरून एकूण गर्भधारणा, 'पी' म्हणजे बाळंतपणे आणि 'ए' म्हणजे गर्भपात, मग तो आपोआप झालेला असो वा करवून घेतलेला. पुनरावृत्त गर्भपाताचा, म्हणजे एकाहून अधिक वेळा करवून घेतलेल्या गर्भपाताचा, शोध या अक्षराशीच अडतो, कारण सासू शेजारी उभी असताना 'पिशवी साफ केली होती का' या प्रश्नाला खरे उत्तर क्वचितच मिळते.

वाढते वय आणि अधिक अपत्ये हे पुनरावृत्त गर्भपाताशी निगडित घटक म्हणून अभ्यासांत वारंवार आढळतात; परंतु जिची जननक्षमतेची वर्षे अधिक सरली तिच्यावर असा प्रसंग पुन्हा येण्याची शक्यताही अधिक, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो आणि त्यावरून निष्काळजीपणाचा निष्कर्ष काढणे ही आळशी वैद्यकी होय.

अधिक बोलका घटक म्हणजे गर्भपातानंतरचे पहिले काही आठवडे. बीजोत्सर्ग, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडणे, दोन-तीन आठवड्यांतच, अर्थात पाळी येण्यापूर्वीच, सुरू होऊ शकते. तरीही 'पाळी आली की तांबी बसवू' असे सांगून स्त्रीला घरी धाडले जाते, आणि शेतीच्या हंगामात वा मजुरीच्या गावी गेलेली ती परत येते ती दिवस राहिल्यावरच. वास्तविक पिशवी रिकामी झाल्याची खात्री असून जंतुसंसर्ग नसेल, तर तांबी त्याच वेळी बसवता येते.

घराचा वाटाही मोठा आहे. पतीची मारहाण व बळजबरी यांचा पुनरावृत्त गर्भपाताशी संबंध अनेक देशांतील अभ्यासांत दिसतो. आपल्याकडे १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानंतरही मुलाचा हट्ट शिल्लक आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के होते. जबाबदारी कोणाच्या अंगावर आहे, हे त्यातून कळते.

म्हणून समुपदेशनाचे कसब माहितीपत्रक वाचून दाखवण्यात नसून सासूला व नवऱ्याला बाहेर बसवून प्रश्न विचारण्यात, आणि तांबी नाकारणाऱ्या स्त्रीचा गर्भपात त्या कारणाने न अडवण्यात आहे. गर्भपाताच्या १९७१च्या कायद्यानुसार सज्ञान व स्वतः संमती देण्यास समर्थ असलेल्या स्त्रीसाठी तिची एकटीची सही पुरते. पतीची सही मागणाऱ्या रुग्णालयाला तसा अधिकार नाही.