बारावीनंतरची उमेदवारी

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
चैत्र, शके १९४८

स्नेही मित्रवर्य यांस,



आपले पत्र पोहोचले. बारावी वाणिज्यची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणाऱ्या आमच्या वसाहतीतील एका मुलीला व एका मुलाला न्हावा शेवा येथील आपल्या क्लिअरिंगच्या कचेरीत दोन महिने उमेदवारीसाठी घेण्याचे आपण मान्य केलेत, याने मन भरून आले. तथापि ही मुले आपल्याकडे रुजू होण्यापूर्वी, आयुष्यभर याच वयाच्या मुलांना शिकविलेला मनुष्य या नात्याने काही गोष्टी आपल्या कानी घालाव्यात असे वाटले, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्या खांदा कॉलनीची स्थिती आपणांस ठाऊक आहेच. सिडकोने आखलेल्या या सेक्टरांत बालवाडीपासून चांगू काना ठाकूर महाविद्यालयापर्यंत शिक्षणाची सर्व सोय हाकेच्या अंतरावर आहे. न्हावा शेव्याचे बंदर १९८९ पासून चालू आहे, तळोज्याची औद्योगिक वसाहत त्याहून जुनी, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबरपासून विमानेही उडू लागली आहेत. असे असूनही येथील सतरा वर्षांच्या मुलाला बंदर म्हणजे महामार्गावर खोळंबलेल्या ट्रेलरांची रांग एवढेच ठाऊक असते. वडील सकाळच्या लोकलने खांदेश्वर स्थानकावरून मुंबईस जातात ते रात्रीच परततात, त्यामुळे मोठी माणसे दिवसभर नेमके काय करतात हे मुलांच्या दृष्टीस पडण्याचा प्रसंगच येत नाही. शेतकऱ्याच्या, सुताराच्या वा कोळ्याच्या लेकराला जे न मागता मिळत असे, ते या मुलांना मुद्दाम योजून द्यावे लागते.

ही जाणीव नवी नव्हे. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील ज्या शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक होते, त्या आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाला शालेय शिक्षणात मानाचे स्थान दिले. पुढे कितीतरी शाळांत त्याची परिणती कागदी फुलांत व्हावी, याचे मला आजही वाईट वाटते. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताला काम देऊन बुद्धी जागविण्याचा जो मार्ग घालून दिला, त्यावरून चालणाऱ्या शाळा आपल्या या बाजूस मला फारशा दिसल्या नाहीत. शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, बारावी उत्तीर्णास दरमहा ६,००० रुपये विद्यावेतन ठरविले आणि सहा महिन्यांची मुदत मागाहून अकरा महिन्यांपर्यंत वाढविली, हे स्तुत्यच होय. परंतु तिला वयाची अट अठरा ते पस्तीस अशी असल्यामुळे, जिचा निकाल अजून लागावयाचा आहे आणि जिला अठरावे सरावयास अवकाश आहे, अशा या मुलीला त्या योजनेचा काडीचाही उपयोग नाही. तेव्हा सारी भिस्त आपल्यासारख्यांच्या आस्थेवर आहे.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. कृपा करून पहिल्याच दिवशी त्यांना कंटेनरचा क्रमांक वाचावयास शिकवा. चार अक्षरे, सहा अंक, आणि शेवटी चौकटीत एकटाच असलेला सातवा अंक. प्रत्येक अक्षरास अकरा, बावीस व तेहतीस हे आकडे वगळून ठरविलेले मूल्य, प्रत्येक स्थानास एक, दोन, चार, आठ अशी दुपटीने चढत जाणारी किंमत, त्या सर्व गुणाकारांची बेरीज, आणि त्या बेरजेस अकराने भागून जी बाकी उरते तीच तो चौकटीतला अंक. बाकी दहा आली तर तेथे शून्य. हे गणित त्या मुलीने एकदा कागदावर सोडवून, दारात उभ्या असलेल्या पेटीवर तोच अंक रंगविलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, म्हणजे आजवर केवळ गुणांसाठी काढलेली बाकी जगात कोणाच्या उपयोगी पडते हे तिला उमगेल. आणि एक अक्षर चुकले तर माल फाटकावर अडतो, दिवस जातात व आयातदारास भुर्दंड पडतो, हे कळल्यावर ती दुसऱ्यांदा ताडून पाहावयास विसरणार नाही. मग बिल ऑफ लेडिंग, इन्व्हॉइस व पॅकिंग लिस्ट समोरासमोर ठेवून नग, वजन आणि वर्णन जुळविण्याचे काम, एखाद्या जुन्या, शांत स्वभावाच्या कारकुनाच्या शेजारी बसवून, त्यांच्याकडे सोपवा. शिकविणारा माणूस एकच असावा व त्याचे नाव त्यांना आधीच सांगितलेले असावे, हा माझा आग्रह आहे.

आग्रहाचे कारणही सांगतो. गेल्या वर्षी येथील एका विद्यार्थ्यास दुसऱ्या एका आस्थापनेत सुट्टीभर झेरॉक्स काढणे व चहा आणणे यापलीकडे काही दिले गेले नाही, आणि अखेरीस सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र मात्र मिळाले. ते घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा त्या कचेरीत कशाचा व्यवहार चालतो हेदेखील त्याला सांगता येईना. पूर्वी कलेक्टर कचेरीत बिनपगारी उमेदवारी करणारे निदान शिरस्तेदाराच्या नजरेखाली दप्तर लिहावयास शिकत. मात्र त्यांची उपासमार मी आदर्श मानणार नाही. या दोघांना बेलापूरला गाडी बदलून उरणची लोकल धरावी लागेल, डबा न्यावा लागेल. पास व थोडा मेहनताना मिळाला तर घरच्यांवर ओझे पडणार नाही, आणि आपल्या श्रमाला मोल आहे ही भावना त्या वयात फार बळ देते.

यार्डात, जेथे कंटेनर उचलणारे रीच स्टॅकर फिरतात, तेथे त्यांना एकटे धाडू नये. दाखवावयाचेच झाल्यास हेल्मेट व जाकीट घालून कोणाच्या तरी सोबतीने न्यावे. उरण मार्गावर गाड्या विरळ असल्यामुळे मुलीस पाचच्या सुमारास मोकळे करावे, अशी तिच्या आईची विनंती आहे, आणि ती मला रास्त वाटते.

सोमवारी दोघांना घेऊन मी स्वतः येत आहे. आधार कार्डाच्या प्रती व पालकांची संमतिपत्रे सोबत आणतो. आणखी काही कागद लागत असल्यास शनिवारपर्यंत कळवावे. वहिनींस नमस्कार. 

आपला स्नेहांकित