गाडीचा दोष आणि दुसरं अणुव्रत



आपल्यातल्या कितीतरी जणी आता स्वतः गाडी चालवतात. मुलांचे क्लास, स्थानकातलं प्रवचन, माहेरचे कार्यक्रम, सगळं आपणच उरकतो. ऑटोमॅटिक गाडीमुळे क्लचची कटकट गेली. पण त्या गाडीच्या पोटात काय चालतं हे आपण सहसा विचारत नाही. गेल्या वर्षी आमच्या सेडानमुळे मला ते विचारावं लागलं.

माझं सासर शिरूर, माहेर दौंड. न्हावरा, चौफुला, पाटस करत जायचं. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागे मैलोन् मैल रांगत जावं लागतं. त्या दिवसांत गाडी बदललेली जाणवू लागली. सकाळी रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद ढिम्म, मग एकदम धक्का. ओव्हरटेक करताना इंजिनाचा आवाज चढायचा, पण वेग वाढायचा नाही. याला मेकॅनिक 'स्लिप होणं' म्हणतात. अंगणातल्या फरशीवर तेलाचा डागही दिसू लागला.

सगळ्या ऑटोमॅटिक गाड्या एकसारख्या नसतात. डिझायरसारख्या गाडीत एएमटी असतो. म्हणजे गिअरबॉक्स आणि क्लच साधाच, फक्त तो दाबण्याचं काम यंत्र करतं. त्यात झटके येऊ लागले तर बहुधा क्लच प्लेट झिजलेली असते किंवा ते दाबणारा ॲक्च्युएटर बिघडलेला असतो. होंडा सिटीसारख्या गाडीत सीव्हीटी असतो. त्यात दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा फिरतो. घरघर किंवा थरथर हे त्याच्या बिघाडाचं लक्षण. काही गाड्यांत दोन क्लचचा डीसीटी असतो. त्यातला कोरड्या क्लचचा प्रकार रांगत्या गर्दीत लवकर तापतो. आमच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर होता. तो तेलाच्या दाबावर चालतो. तेल कमी झालं किंवा जळलं की गिअर उशिरा पडतो आणि घसरतो.

उष्णता आणि जुनं तेल, टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीचे हे मोठे शत्रू. आपण पाणी गाळून घेतो आणि गाळणं स्वच्छ ठेवतो, तसं या गिअरबॉक्सच्या आतही तेलाचं गाळणं असतं. ते तुंबलं की दाब पडतो.

एका ठिकाणी गाडी दाखवली, तर न उघडताच अख्खा गिअरबॉक्स बदला म्हणाले. आकडा लाखाच्या वर. तेवढ्यात घरातल्या एका पाहुण्यांनी सोपा मार्ग सुचवला, "स्कॅनरवर एरर कोड पुसून टाका, तेल भरा आणि आठ दिवसांत विकून मोकळे व्हा. चार चकरा मारेपर्यंत कुणाला कळत नाही." खरंच तसं होतं. कोड पुसला की दिवा काही काळ विझतो, दोष मात्र आतच राहतो.

सासूबाई माळ फिरवत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अरे, प्रतिक्रमणात आपण रोज काय म्हणतो?" दुसऱ्या अणुव्रतात श्रावकाला पाच मोठी खोटी वर्ज्य सांगितली आहेत: कन्येविषयी, गाईगुरांविषयी, जमिनीविषयी, ठेवीविषयी आणि खोटी साक्ष. आटलेली गाय दुभती म्हणून विकायची नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आता दारात गाय नाही, गाडी आहे. विकत घेणारा त्या गाडीत लेकराबाळांना बसवणार. ओव्हरटेकच्या ऐन क्षणी गिअर घसरला तर काय होईल, हे आम्ही स्वतः अनुभवलेलं. बोलणं तिथेच थांबलं.

मग दौंडच्या एका अनुभवी मेकॅनिककडे गाडी दिली. त्यांनी आधी तेल पाहिलं: पातळी कमी, रंग काळपट, वास जळका. खालचा ट्रे काढून त्यातलं लोहचुंबक दाखवलं. त्याला बारीक करडा गाळ चिकटला होता. तो झिजेनं येतोच, पण धातूचे कपचे असते तर गिअरबॉक्स खोलावाच लागला असता. आमच्याकडे कपचे नव्हते. सील, गाळणं, दाब सांभाळणारा एक सोलेनॉइड आणि कंपनीनं सांगितलेल्याच दर्जाचं नवं तेल, एवढ्यावर काम झालं. खर्च पहिल्या आकड्याच्या पाव भागातच आटोपला. जुनं तेल मातीत न सांडता डब्यात भरून पुनर्वापरासाठी दिलं. तीही जयणाच.

पुढे मुलांच्या शिक्षणासाठी गाडी विकावी लागली. यांनी दुरुस्तीचं बिल घेणाऱ्यांच्या हातात दिलं आणि काय झालं होतं ते सगळं सांगितलं. किंमत थोडी कमी आली. घेणारे गुरुजी मात्र म्हणाले, "आजवर पाहिलेल्या गाड्यांत एवढं कुणी सांगितलं नव्हतं."

मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा:

आपल्या गाडीचा गिअरबॉक्स कोणत्या प्रकारचा आहे ते मॅन्युअलमध्ये पाहा. तेल कधी बदलायचं तेही तिथेच असतं. गर्दी-उन्हातल्या वापरासाठी बऱ्याचदा कमी किलोमीटरचा वेगळा आकडा दिलेला असतो.

चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक धरा. एएमटी आणि डीसीटीचा क्लच त्यानंच जळतो.

उभी करताना आधी हँडब्रेक लावा, मग 'पी'. बहुतेक एएमटीत 'पी' नसतोच, तिथे गाडी गिअरमध्ये ठेवा.

टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीची गाडी बंद पडली तर दोर बांधून ट्रॅक्टरनं ओढू देऊ नका. इंजिन बंद असताना आतला तेलपंप फिरत नाही आणि चांगले भागही झिजतात. सपाट ट्रॉलीवर चढवूनच न्या.

अख्खा गिअरबॉक्स बदला असं कुणी म्हटलं तर विचारा: तेल पाहिलं का? कोड कोणता आला? ट्रेमध्ये काय सापडलं?

आणि विकताना दोष सांगा. जय जिनेंद्र.