डाव्या हाताचा माऊस

माझे अब्बा शिंपी होते. मिरजेत आमच्या घराच्या ओट्यावर त्यांचं मशीन असायचं. त्यांची कापड बेतायची कात्री चांगली वजनदार होती आणि मुठीला सुती चिंधी गुंडाळलेली असायची. मी डावखुरी. ती कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून फाकायची आणि कापड कापलं जाण्याऐवजी मध्येच दुमडायचं. अम्मी म्हणायची, "पोरीचा हातच वाकडा." अब्बा म्हणायचे, "हात वाकडा नाही, कात्रीही वाईट नाही. दोघांचं जमत नाही, इतकंच."

चाळीस वर्षांनी हे बोलणं आठवलं ते एका माऊसमुळे.

मी डीटीपीचं काम करते. पुस्तकं, अंक, लग्नपत्रिका लावते. जेवण उजव्या हाताने आणि लिहिणं डाव्याने, ही तडजोड घरात लहानपणीच झाली होती. पण छापखान्यात प्रत्येक माऊस उजवीकडे. मीही मुकाट्याने उजव्या हाताने शिकले. मागच्या वर्षी दिवाळी अंकांच्या धांदलीत अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. रात्री उठून हात झटकावा लागे. डॉक्टर म्हणाले, मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून स्नायूंच्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते. त्या नसेवर दाब येतोय, हाताला विश्रांती द्या. विश्रांती दिली तर घर कशावर चालवायचं, हे काही मी त्यांना विचारलं नाही.

मनगटासाठी खास म्हणून एक महागडा माऊस घेतला. तो उजव्या हाताच्याच साच्याचा निघाला. डाव्या हातात धरला तर अंगठा भलत्याच उंचवट्यावर चढे. पुन्हा तीच कात्री!

ईदला भाचा आला. तो कॉम्प्युटरवर गेम खेळतो. माझा हात पाहून त्याने पिशवीतून स्वतःचा माऊस काढला. लॉजिटेकचा जी प्रो वायरलेस, २०१८ साली आलेला. मी म्हटलं, "बाबा, मला कुठे बंदुका चालवायच्यात?" तो म्हणाला, "खाला, हात तो रखो."

ठेवला. दोन्ही बाजू सारख्या. बाजूची बटणं काढून हव्या त्या बाजूला लावता येतात. वजन ८० ग्रॅम, लांबी १२५ मिलिमीटर, मधली उंची ४० मिलिमीटर. भाच्याने समजावलं की कुणी पूर्ण तळहात टेकवतं, कुणी बोटं पंजासारखी वाकवतं, कुणी नुसत्या बोटांच्या टोकांनी धरतं; पाठीचा फुगवटा कुठे येतो, त्यावर सगळं अवलंबून. माझ्या हातात तो बरोबर बोटांच्या मुळाशी आला. तळहात टेकला, पण मूठ आवळावी लागली नाही. वायर नसल्याने मागून ओढही नव्हती. सेटिंगमध्ये डावं-उजवं बटण बदललं आणि तासाभरात एक अख्खा फॉर्म लावला.

डग्लस एंगलबार्ट यांचा पहिला माऊस १९६४ साली लाकडाचा बनला होता. लाकडाच्या ठोकळ्यापासून इथवर माणसं आली, पण दुकानात अजून कुणी विचारत नाही, "तुमचा हात कोणता?"

माऊसने दुखणं बरं केलं असं मी म्हणणार नाही. रात्री पट्टा बांधते, व्यायाम करते, तासातून एकदा उठते. पण काम आता दोन हातांत वाटलं गेलंय आणि झोप लागते.

परवा भाच्याचा फोन आला. "खाला, माऊस कब वापस करोगे?" मी म्हटलं, "बेटा, त्याच्या पाठीला चिंधी गुंडाळलीय. आता तो तुझ्या कामाचा नाही."